घरटी एक पाटी आणि यशोधराची बेडकी

तुम्ही तुमच्या पोटच्या पोरांना रोज सकाळी, उसाच्या ट्रॉल्या धडधडत असताना, भर रस्त्यात गाडीतून खाली उतरवाल का? उतरवाल, पायी चालायला लावाल आणि पुन्हा गाडीत कोंबाल? नाही म्हणालात ना? सगळे नाहीच म्हणतात. यशोधरा मात्र उतरवायची. आणि त्या रस्त्यावर पोरांना तिच्याइतकं जपणारी दुसरी बाई कुणी दाखवून द्यावी.

बेलापूरहून श्रीरामपूरकडं निघालं की उसाच्या फडांमध्ये रस्त्याला लागून एक बौद्ध वस्ती लागते. रस्त्याच्या या अंगाला घरं आणि विहार, त्या अंगाला अंगणवाडी, जिल्हा परिषदेची शाळा आणि पाण्याचा नळ. म्हणजे शिकायचं असो की प्यायचं असो, रस्ता ओलांडल्याशिवाय काही नाही. यशोधराचं घर वस्तीच्या बरंच अलीकडं, ओढ्यापाशी घरकुलांची ओळ आहे तिथं. ओढ्यावरून निघालं की वस्तीसमोर रस्त्यात आडवा एक ब्रेकर होता. ब्रेकर कसला, बैल आडवा बसल्यासारखा तो बसला होता.

रोज सकाळी त्याच्या अलीकडं एक पिवळी, बुटकी, दोन दारांची गाडी येऊन थांबायची. डावं दार उघडायचं. पुढची सीट पुढं वाकायची आणि मागून आधी दोन दप्तरं, मग सृष्टी, मग अमृत असे एकेक करून बाहेर यायचे. सृष्टी अकरा वर्षांची, अमृत सहा, शाळा श्रीरामपूरला. दोघं साइडपट्टीवरून चालत ब्रेकरच्या पलीकडं जायची. मग यशोधरा रिकामी गाडी तिरकी घालायची, एकेक चाक चढवायची, उतरवायची, खालून खर्रर आवाज आला की दात आवळायची. पलीकडं पुन्हा दार, पुन्हा सीट, पुन्हा कोंबाकोंब.

मागं दुधाचा पिकअपवाला कानिफनाथ हॉर्नवर हात ठेवून बसलेला असायचा. बेलापूरच्या बागायतदाराचा पोरगा, तोंडाचा फाटका.

"यशोताई, गाडी हाय का मोजडी? पायात घालूनच चालवा की!"

"तुज्या दुधात पानी किती ते आधी सांग, मंग माज्या गाडीचं बघू."

"आवो, पन पोरं चालत्यात आन गाडी आरामात! गाडीलाच शाळंत घाला."

यशोधरा काच वर करायची. बोलायला ती कुणाला हार जात नसे, पण हे एक बोलणं तिला लागायचं. कारण तो ब्रेकर तिनंच बांधून घेतला होता.

झालं होतं असं. वस्तीतल्या लंकाबाईचा नातू सम्यक, अंगणवाडीतलं पोर. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होता. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, वर टेपवर मोठ्यानं गाणी, ड्रायव्हरला ना मागचं दिसत होतं ना पुढचं ऐकू येत होतं. पोर नळावरून येत होतं. पुढं काय झालं ते लिहायला हात धजत नाही, आणि लिहायची गरजही नाही.

यशोधरा श्रीरामपूरला एका वकिलांकडं टायपिंग करते. कागद कसा लिहायचा हे तिला कॉलेजनं शिकवलेलं नाही, वकिलांच्या खरडलेल्या मजकुरानं शिकवलं. तिनं अर्ज केले, निवेदनं दिली, वस्तीला घेऊन रस्त्यावर बसली. साहेब लोक आले, पाण्याची बाटली फोडली, म्हणाले, "या दर्जाच्या रस्त्यावर गतिरोधक बसवता येत नाही." दर्जा रस्त्याचा की वस्तीचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

मग एका रविवारी वंदना झाल्यावर यशोधरा विहारात उभी राहिली.

"सरकार घालीत न्हाई ना? आपन घालू. घरटी एक पाटी. मुरूम, खडी, शिमिट, फरशीचे तुकडे, जे असंल ते. पन एकाच्या पैशानं न्हाई करायचं. परत्येक घराची पाटी पडली पायजे. उद्या कुनी इचारलं कुनी बांधला, तर एकाचं नाव निघता कामा न्हाई."

अख्खी वस्ती पाट्या घेऊन आली. घरकुलाच्या बांधकामातून उरलेलं सिमेंट आलं, पाडलेल्या भिंतीच्या विटा आल्या, कुणी नवी शहाबादी फरशी फोडून आणली. गवंडी होता बन्सी, वस्तीतलाच. त्यानं मध्येच हात वर केला, "बास. आता बास. उंची लई व्हईल." पण अजून अर्धी घरं रांगेत उभी होती. कुणाला म्हणायचं तुझी पाटी नको? म्हाताऱ्या भिमाबाईला? ती यशोधराची सासू, कंबरेत वाकलेली, पण पाटी डोक्यावर घेऊन आलेली. का वस्तीतल्या लोकांनी ज्याला वर्षभर बोलावलं नव्हतं त्या भांडकुदळ घराला? त्यांचीही पाटी आली होती, आणि ती परत पाठवली असती तर तो ब्रेकर झाला असता पण वस्ती फुटली असती. यशोधरा म्हणाली, "एकबी पाटी माघारी जानार न्हाई." बन्सीनं कपाळाला हात लावला आणि थापी चालवली.

सगळ्यात शेवटी लंकाबाई आली. तिच्या पाटीत काय होतं ते कुणी पाहिलं नाही. तिनं ती सगळ्यांच्या वर ओतली, हातानं सारखी केली, आणि कुणाशी न बोलता निघून गेली.

तेव्हापासून ट्रॅक्टर तिथं मुंगीसारखे चालायला लागले. एकही पोर त्या जागी पडलं नाही. यशोधरा छाती काढून सांगायची, "माप पुस्तकात बघू नका. माप आमच्या घरांच्या संख्येत बघा."

आणि मग तिच्याच दारात बेडकी आली.

यशोधराचा नवरा प्रवीण पुण्याकडं भोसरीत एका गॅरेजमध्ये मेकॅनिक. आठवडाभर तिकडं, रविवारी घरी. आयुष्यभर लोकांच्या गाड्यांखाली पाठीवर झोपलेला माणूस. त्या गॅरेजच्या कोपऱ्यात एक जपानी स्पोर्ट्स कार ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं पडून होती. तिचा मालक परदेशी गेला, जाताना प्रवीणला म्हणाला, तूच घे, नाहीतर भंगारात घालतो. प्रवीणनं ती सुट्टीच्या दिवसांत एकेक नट करून उभी केली. तिचे दिवे झाकलेले असायचे. बटण दाबलं की दोन्ही बाजूंनी टपकन वर यायचे. वस्तीतल्या पोरांनी पाहिल्याबरोबर नाव ठेवलं, बेडकी.

प्रवीणला वाटलं बायको हसेल. बायको रडली. कारण त्याच हिवाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या वाढ्यांवरून, उसाच्या हिरव्या शेंड्यांवरून, तिची स्कूटर घसरली होती आणि अमृतच्या हनुवटीला टाके पडले होते. शाळेची बस फाट्यावरूनच माघारी वळायची. यशोधरानं गाडीच्या टपावर थाप मारली. "पत्रा हाय ना वर? बास. मला हीच पायजे."

"अगं ही रोज चालवायची गाडी न्हाई," प्रवीण म्हणाला. "ही रविवारची हाय. खाली लई बसकी हाय. मागची सीट नावालाच."

"आपल्याला रविवार कुठं हाय?"

प्रवीणनं दुसऱ्या एका गाडीचे पट्टे काढून मागच्या सीटला बसवले. बोलत बोलत त्यानं बायकोला गाडी शिकवली, आणि ती अशी शिकली की वकीलसाहेबांनी तिला कोर्टाच्या आवारात गाडी लावताना बघून आपल्या ड्रायव्हरला बोलावून दाखवलं.

पण पोरांनी त्या गाडीत कसे दिवस काढले ते पोरांनाच माहीत. मागच्या काचा उघडत नाहीत. सृष्टी गुडघे हनुवटीला लावून आडवी बसायची, दर महिन्याला थोडी जास्त आडवी, कारण ती वाढत होती आणि गाडी वाढत नव्हती. अमृत इतका खाली बसायचा की त्याला रस्ता दिसायचाच नाही.

"आई, मला नुसती चाकं दिसतात."

"मंग चाकं मोज."

"मोजली. संपतच न्हाईत."

उन्हाळ्यात तो दोनदा ओकला. एकदा सृष्टीच्या प्रकल्पाच्या वहीवर. लोकांच्या तऱ्हा वेगळ्याच. बाजारात गाडी उभी केली की मिशीवाले भोवती फिरून बघायचे, आणि एक जण हमखास विचारायचा, "कुनाची हाय?" माझी, म्हटलं तरी पुन्हा विचारायचा, "न्हाई, पन मूळ कुनाची?" लग्नसराईत नवरदेवासाठी मागायला यायचे, आणि नाही म्हटलं की म्हणायचे, लई माज आलाय ह्यांना. माज! आपल्या पोरांना शाळेत सोडायला आपली गाडी आपल्याला पाहिजे, याला माज म्हणतात.

हे सगळं यशोधरानं सोसलं असतं. ब्रेकर मात्र सोसेना. पोरं आणि दप्तरं मागं असली की गाडीची शेपटी खाली बसायची आणि पोट ब्रेकरवर घासायचं. पोटाखाली ऑइलचं चेंबर. प्रवीणनं बजावून ठेवलं होतं, "त्ये फुटलं तर इंजिन गेलं. ह्याचा पार्ट हितं कुठंच मिळत न्हाई." म्हणून ते उतरणं. जाताना उतरणं, येताना उतरणं. आणि जिथं उतरायचं ती जागा कोणती? सम्यक गेला तीच.

तिला रोज सकाळी ते दिसायचं. ती आरशात बघायची, मागून काही येत नाही ना, पुढून काही येत नाही ना, आणि मगच दार उघडायची. पण गाडी विकायची म्हटलं की स्कूटर आठवायची, हनुवटीचे टाके आठवायचे. गाडी ठेवली तर पोरं रस्त्यावर, गाडी काढली तर पोरं स्कूटरवर. तिसरा रस्ता एकच होता. ब्रेकर उतरवायचा.

एका रविवारी ती पुन्हा विहारात उभी राहिली. या वेळी आवाजात ती धार नव्हती.

"ब्रेकर काढा म्हनत न्हाई मी. फकस्त वरनं येक थर उतरवू. ट्रॅक्टर तरीबी हळूच जातील. बन्सीदादा, तुमीच सांगा, उंची जास्त झालीय का न्हाई?"

बन्सी म्हणाला, "मी तवाच बोल्लो हुतो."

मागून कुणी तरी म्हणालं, "यशोताई, पन थर उतरवायचा म्हंजे कुनाची पाटी काढायची?"

खरंच, कुणाची? खालच्या पाट्या तर निघत नाहीत. वरची निघते. आणि वरची कुणाची, हे सगळ्यांना माहीत होतं. लंकाबाई दाराशी बसली होती. उठली नाही.

"माजी काढ," ती म्हणाली. "तुजी गाडी जायाला माजी पाटी आडवी येती ना? काढ की. तूच म्हनली हुतीस, एकबी माघारी जानार न्हाई."

"लंकामावशी, माजी पोरं रोज तितंच उतरत्यात. त्याच जागी."

"मंग नको उतरवू. आमची पोरं बिनगाडीची हायेत. त्यांना रोज ती जागा वलांडायची हाय. तुजी दोन, आमची समदी."

यशोधराचं डोकं फिरलं. तिचं डोकं फिरायला वेळ लागत नाही. "म्हंजे मी गाडी घेतली म्हनून मी वस्तीच्या भाईर झाले का? लोकाच्या बंगल्यात असल्या गाड्या असल्या तर तुमी वाकून बघता, आन आपल्यातल्या एकीनं चालवली तर..."

"मी गाडीचं काय बोल्ले?" लंकाबाई शांतपणे म्हणाली. "मी पाटीचं बोल्ले."

भिमाबाईनं सुनेचा पदर ओढून तिला खाली बसवलं. घरी जाताना सासू एवढंच म्हणाली, "खरं दोगींचंबी हाय. म्हनून तर वंगाळ हाय."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते घडलं. सकाळी धुकं होतं. बेडकी ब्रेकरच्या अलीकडं थांबली. सृष्टी उतरली. अमृत उतरला, आणि त्याची पाण्याची बाटली हातातून सुटून साइडपट्टीवर घरंगळली. उजवीकडून ट्रॅक्टर जात होता, म्हणून मागच्या मोटारसायकलवाल्यानं थांबायच्या ऐवजी डावीकडून, मातीतून गाडी घातली. सृष्टीनं भावाची कॉलर धरून त्याला मागं खेचलं. मोटारसायकल बाटलीवरून गेली आणि धुक्यात नाहीशी झाली. बाटली चपटी झाली. पोर उभं होतं.

अमृत रडला नाही. बाटली उचलून म्हणाला, "आई, ही आता पानी धरंल का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेकरपाशी गाडी थांबली, सीट पुढं वाकली, आणि मागून आवाज आला.

"मी उतरनार न्हाई."

"सृष्टी, उशीर होतोय."

"न्हाई उतरनार. अमूलाबी उतरू देनार न्हाई. गाडीला काय व्हायचं ते होऊ दे. तू गाडीला जपती. आमाला उतरवती."

मागं कानिफनाथचा हॉर्न. त्याच्या मागं ट्रॅक्टर. यशोधरानं आरशात पोरीचं तोंड पाहिलं. तिनं भावाला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, जणू आईच त्याला हिसकावून घेणार होती. यशोधरानं दार ओढून लावलं. पहिला गिअर टाकला. तिरकी घातली, हळू घातली, श्वास धरून घातली. पुढची चाकं चढली, उतरली. मग गाडीचं पोट टेकलं. आधी खर्रर, मग धाडकन असा आवाज. मागची चाकं हवेत फिरायला लागली. पुढं जाईना, मागं येईना. बेडकी ब्रेकरवर पोटावर बसली आणि खालून काळं ऑइल दोन्ही अंगांनी वाहायला लागलं.

थोड्याच वेळात रस्ता बंद. इकडून उसाच्या ट्रॉल्या, तिकडून रिकामे ट्रॅक्टर, दूध, कॉलेजची पोरं, एक वऱ्हाड. वस्ती बाहेर आली. यशोधरानं पोरांना काढून विहारात आलेल्या भिमाबाईकडं दिलं आणि गाडीपाशी उभी राहिली. तेवढ्यात हवालदार आला. त्यानं यशोधराला पाहिलं आणि ओळखीनं मान हलवली.

"बोला ताई, मागनी काय हाय?"

"मागनी न्हाई. गाडी आडकलीय."

"म्हंजे रास्ता रोकोच की. निवेदन आनलंय का? साहेबांना इथंच बोलवायचं का तुमी येनार?"

"आवो खरंच आडकलीय! चेंबर फुटलंय!"

"तसंच लिहून घेतो. गाडी आडवी लावून आंदोलन." त्यानं वही काढली.

कानिफनाथ पुढं आला. "ओ हवालदार, ह्या खऱ्याच आडकल्यात. रोज मी मागं आसतो." मग आपल्या पिकअपचा दोर काढून त्यानं बेडकीला बांधला. दूध उन्हात तापत होतं, तरी कुरकुरला नाही. उसाचे ड्रायव्हर, कॉलेजची पोरं, बन्सी, सगळ्यांनी हात लावला, मागून उचलून धरली, आणि गाडी खरवडत उतरली.

पण ती उतरायच्या आधी रस्त्याचं काम बघणारे साहेब येऊन पोचले होते. त्यांचीच गाडी मागं अडकली होती. त्यांनी मोबाईल काढून ब्रेकरवर पोटावर बसलेल्या पिवळ्या गाडीचे फोटो काढले. चारी बाजूंनी.

"हा कुणी बांधला?"

गर्दीतून लंकाबाई पुढं झाली. "मी बांधला. काय करतो?"

"आजी, तुम्ही एकट्यानं?"

"वस्तीनं बांधला," यशोधरा म्हणाली. "अर्ज दिले हुते. लेखी उत्तर आलं न्हाई. पोरगं मात्र गेलं."

"ते मान्य आहे हो. पण हा कुठल्या मापात बसतो? तुमचीच गाडी फुटली ना? तुमचीच तक्रार समजतो."

"माजी तक्रार न्हाई."

"फोटो आहे की," साहेब म्हणाले आणि मोबाईल खिशात घातला.

अर्ज वर्षानुवर्षं धूळ खात पडतो, आणि पाडायचं असलं की जेसीबी आठवडा उलटायच्या आत येतो. तसाच तो आला. घरटी एक पाटी करून वस्तीनं जे उभं केलं होतं ते त्यानं चहा गार व्हायच्या आत उपटून कडेला लोटलं. त्या जागी सरकारी मापाचा, पांढरे पट्टे मारलेला, पुढं सूचनेचा फलक लावलेला नवा गतिरोधक होणार असं सांगितलं. कधी? मंजुरी आल्यावर. मंजुरी कधी? प्रस्ताव गेल्यावर. लंकाबाई तिथं उभी होती. तिनं ढिगातून एक पाटीभर मुरूम उचलला, डोक्यावर घेतला आणि घरी गेली. यशोधरासमोरून गेली, पण तिच्याकडं बघितलं नाही.

प्रवीणनं रविवारी चेंबरला वेल्डिंग मारलं. भोसरीहून येताना दोन पत्रे आणि गळती बंद करायचं तीन प्रकारचं मलम आणलं होतं. गाडी चालू झाली. तो बायकोला म्हणाला, "आता मोकळा रस्ता हाय. आता तुला तरास न्हाई." तो बरं वाटावं म्हणून बोलला होता.

सोमवारी सकाळी बेडकी पोरांसकट वस्तीसमोर आली आणि एका दमात निघून गेली. खर्रर नाही, थांबणं नाही. अमृतनं विचारलं, "आई, आज उतरायचं न्हाई?"

"न्हाई. आता कधीच न्हाई."

असं म्हणत तिनं आरशात पाहिलं. वस्तीतली पोरं साइडपट्टीवर उभी होती, एकमेकांचे हात धरून, शाळेच्या बाजूला तोंड करून. समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. तो पूर्वीसारखा हळू झाला नाही. का होईल? रस्ता सपाट होता. पोरं मागं सरकली. मग दुसरा आला. पोरं पुन्हा मागं सरकली. यशोधराची पोरं पट्टे बांधून पत्र्याखाली बसली होती, आणि तिला पहिल्यांदाच ती गाडी खरोखर बंगल्यातल्या माणसांची वाटली.

तिनं ब्रेक दाबला. गाडी कडेला घेतली.

"सृष्टी, उतर," ती म्हणाली. मग लगेच म्हणाली, "मी म्हनते म्हनून न्हाई. तुला पटलं तर. तितं मागं बघ."

सृष्टीनं मागच्या काचेतून पाहिलं. मग तिनं स्वतःच भावाचा पट्टा सोडला. दोघं उतरून रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्याआड, रस्त्यापासून लांब उभी राहिली. यशोधरानं गाडी वळवली, मागं नेली आणि वस्तीसमोर रस्त्यात आडवी उभी केली. इंडिकेटर लावले, स्वतः खाली उतरली आणि वस्तीतल्या पोरांना हात केला. "चला. पळायचं न्हाई. चालत चला."

हॉर्न वाजले. शिव्या ऐकू आल्या. "ए बाई, बापाचा रस्ता हाय का?" तिनं उत्तर दिलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटचं पोर शाळेच्या फाटकात गेलं तेव्हा ती गाडीत बसली. तेव्हापासून हे रोज चाललंय. सकाळी शाळा भरताना ती असते. सुटताना बन्सी आपली मोटारसायकल आडवी लावतो, कधी कानिफनाथ पिकअप लावतो आणि वर म्हणतो, "यशोताई, माजं दूध नासलं तर तुमी प्यायचं."

पण हा काही उपाय नव्हे, हे यशोधरालाही कळतं. एक दिवस एखाद्याचा ब्रेक लागणार नाही. तो ट्रॅक्टर बेडकीत घुसेल, आणि गाडीपाशी उभी असलेली ती... प्रवीण फोनवर रोज भांडतो. "गाडी गेली तर गेली, पन तू भाईर उभी असती गं!" ती फोन अमृतच्या हातात देते. वकीलसाहेब म्हणाले, अशानं गुन्हा दाखल होईल. ती म्हणाली, लिहा, टाइप मीच करते. प्रस्ताव अजून वर गेलेला नाही. लंकाबाई तिच्याशी अजून बोलत नाही. रोज सकाळी दारात येऊन उभी राहते. आता तिच्याच अंगणात थांबणाऱ्या सृष्टीशी बोलते, तिच्या हातात शेंगा ठेवते, आणि मान वळवून आत जाते. परवा मात्र आत जाता जाता म्हणाली, यशोधराला नाही, हवेत म्हणाली, "किती दिस उभी राह्यची ती?"

याचं उत्तर यशोधराकडं नाही. ते रस्त्यावरून जाणाऱ्याकडं आहे.

म्हणून तुम्हाला सांगणं एवढंच. बेलापूर-श्रीरामपूर रस्त्यानं सकाळी जात असाल आणि वस्तीसमोर एक बुटकी पिवळी गाडी आडवी लागलेली दिसली, तर हॉर्नवर हात ठेवू नका. डावीकडून मातीतून गाडी घालू नका. थांबा. इंजिन बंद करा. शेवटचं पोर शाळेच्या फाटकात गेलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि मगच पुढं जा.